गेनूनं आवाज जुळवला

कुसळवाडी गावात एक भोळा जावई होता. सासऱ्याला तो जावई, हौसाला नवरा आणि उरलेल्या गावाला फुकटची करमणूक. नाव गेनू. पारावर बसून तो छाती काढून सांगायचा, "मला कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही. एकदा सांगितली की करून मोकळा. मग ती निस्तरायला चार माणसं लागतात, तो भाग निराळा."

लोक पोट धरून हसायचे. ह्याच लोकांनी आदल्या साली खडकात कोरडी विहीर खणून वर पूजा घातली होती, पण शहाण्यांच्या गोष्टी कोणी सांगत बसत नाही. आपण गेनूचीच सांगू.

हौसाचे वडील रंगनाथअण्णा. अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून भक्कम. सारा जन्म त्यांनी फिरत्या तंबू-टॉकीजच्या दारात तिकिटं फाडत काढला. जत्रा कुठलीही असो, दारात अण्णा. आत खेळ चालायचा आणि अण्णा बाहेर. घटकाभर आत डोकावलं तरी इकडं कनातीखालून पोरं सरपटत शिरायची. त्यामुळं अण्णांना कितीतरी सिनेमे तोंडपाठ होते, पण नुसत्या कानानं. डोळ्यांनी पुरता एकही बघितलेला नव्हता. हिरो गोरा की सावळा, खलनायकाला मिशी आहे की नाही, काही पत्ता नाही.

पुढं तंबू मोडला. अण्णांचे गुडघेही त्याच सुमारास मोडले. एकदा खाटेवर बसले की उठवायला दोन माणसं लागायची. ते एक दिवस लेकीला म्हणाले, "हौसे, एक खेळ आत बसून बघायचाय. नावं पडतात तिथपासून 'समाप्त'पर्यंत. एवढंच राहिलंय."

हौसाच्या घरी टीव्ही होता, चांगला अर्ध्या भिंतीएवढा. पण आवाज असा, की डब्यात माशी कोंडलीय. अण्णांनी जरा वेळ ऐकलं आणि मान हलवली.

"चित्र झकास आहे. पण आवाज पुढच्या गावातनं येतोय."

हौसानं मनावर घेतलं. पुढच्या रविवारी अण्णा परत यायच्या आत घरात सिनेमाचे स्पीकर लागले पाहिजेत. पाच लहान आणि एक मोठा घुमणारा. चारी बाजूंनी आवाज आला पाहिजे. अण्णांचा खेळ झाला पाहिजे. पण तिचे कांदे काढायला आले होते, तिला सवड नव्हती. म्हणून तिनं गेनूला तालुक्याला पाठवलं. चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा.

तालुक्याला झुंबरशेठचं दुकान होतं. शेठनं विचारलं, "खोली केवढी आहे?"

"एकच आहे," गेनू म्हणाला.

शेठनं तो विषय सोडला. दुकानदार शहाणा होता. म्हणाला, "हे बघा गेनबा, स्पीकर डब्याच्या चकाकीवर घेऊ नये, कानानं घ्यावा. तुमच्या रोजच्या ऐकण्यातलं, कानाला अगदी पाठ असलेलं काहीतरी घेऊन या. ते इथं वाजवू. ज्या स्पीकरवर ते घरच्यासारखं वाटेल, तो तुमचा."

शेठच्या मनात एखादं गाणं होतं. गेनूच्या मनात गाणं आलंच नाही. रोजच्या ऐकण्यातलं म्हणजे हौसाचं बोलणं. पण हौसा कांद्यात. त्याच्या खालोखाल चंद्री. चंद्री म्हणजे म्हैस.

दुसऱ्या दिवशी गेनू चंद्रीला घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढला.

"शेठ, आणलं."

"काय आणलं?"

"कानाला पाठ असलेलं. वाजवा."

दुकानात टीव्ही ओळीनं मांडलेले. बंद होते, काळेशार. चंद्रीला त्यात तिच्यासारख्याच दहा-बारा म्हशी दिसल्या. तिनं हंबरून सगळ्यांची एकदम चौकशी केली. गेनू खूश झाला. "हा खरा आवाज. आता तुमचं लावा."

शेठ मागं सरकता सरकता बटणांवर पडला. एक स्पीकर वाजला, चंद्रीनं लक्ष दिलं नाही. दुसरा वाजला, तिनं शेपटी हलवली. तिसऱ्यातून असा खोल आवाज निघाला की चंद्रीनं मान वर करून त्याला उत्तर दिलं, दोन पावलं पुढं झाली, आणि पुढचं काय ते नव्या गालिच्यावर केलं.

"हाच द्या," गेनू म्हणाला.

आता खरं सांगायचं तर निवड चांगली झाली. तालुक्यात पुष्कळ शिकलेली माणसं स्पीकर घेतात ती याहून वाईट रीतीनं घेतात. पण शेठला त्या वेळी ते सुचलं नाही.

"अहो, हे असं थेट आत आणतात का? बाहेर सावलीत बांधायचं. पुढ्यात चारा टाकायचा. अंगावर बादलीभर पाणी मारायचं. एवढं कळत नाही?"

"आता कळलं," गेनू म्हणाला.

दुपारी टेम्पोनं स्पीकर घरी आले. हौसा रानात. गेनू दारात उभा. टेम्पोवाल्यानं विचारलं, "आत ठेवू का?"

"थेट आत आणायचं नसतं," गेनू म्हणाला. शिकलेलं तो विसरत नसे.

हौसा संध्याकाळी घरी आली तर निंबाखाली सहा स्पीकर ओळीनं बांधलेले. प्रत्येकाला दावं. प्रत्येकाच्या पुढ्यात कडब्याची पेंढी. मोठा होता त्याला दोन पेंढ्या. आणि गेनू भरलेली बादली उचलून नेमका हात मागं घेत होता.

हौसा आयुष्यात तेवढी धावली नव्हती. तिनं हवेतली बादली धरली. पाणी तिच्याच अंगावर पडलं, स्पीकर वाचले.

"अहो, काय चाललंय हे?"

"खात नाहीत गं. नवीन आहेत, बुजलेत."

हौसानं पदर पिळला. आवाज न चढवता म्हणाली, "घरात काही नवीन आलं, तर त्याला पाटावर बसवायचं. हळदकुंकू लावायचं. पुढ्यात नारळ फोडायचा. मग कामाला लावायचं. आपल्यात असं असतं."

"असं होय," गेनू म्हणाला.

तिनं सहाही डबे आत नेले, सगळं रीतसर केलं आणि झोपली. तिला वाटलं, संपलं.

सकाळी ती रानात गेल्यावर शेठचा फिटर आला. लहानू त्याचं नाव. ह्या घरात तो पहिल्यांदाच येत होता. म्हणजे नवीन. गेनूनं हसून त्याला पाटावर बसवलं. लहानूला वाटलं, माणसं प्रेमळ आहेत. गेनूनं त्याच्या कपाळावर हळद लावली, कुंकू लावलं. लहानूला वाटलं, जरा जास्तच प्रेमळ आहेत. मग गेनू आतून नारळ घेऊन आला आणि लहानूच्या पुढ्यात जागा शोधायला लागला. पुढ्यात लहानूचे पाय होते.

"काय करताय?"

"तुम्हाला कामाला लावायचंय."

नारळ फुटला. अंगठा फुटला नाही, पण ते लहानूला वडगावच्या फाट्यापर्यंत पटलं नाही. तिथवर तो एका पायावर मोटारसायकल हाणत गेला, कपाळावरच्या हळदकुंकवासकट. फाट्यावरच्या चहावाल्यानं विचारलं, "लग्न आत्ता झालं की पळून आलास?"

थोड्या वेळानं शेठचा फोन आला. "गेनबा, माझा माणूस परत यायला तयार नाही. अहो, दमून-भागून कोणी आलं तर त्याची पाठ भिंतीला टेकवून बसवायचं. हातात गरम चहा द्यायचा. 'दमलात का' म्हणून विचारायचं. नारळ कसला फोडता?"

"चुकलंच," गेनू म्हणाला. "मग आता स्पीकर कोण लावणार?"

"तुम्हीच लावा. रंगाला रंगाची वायर जोडा. ते लहान पोरालाही जमतं."

वायरी गेनूनं जोडल्या, आणि बरोबर जोडल्या. रंग त्याला कळत होते. पण डबे ठेवायचे कसे? ते बिचारे तालुक्याहून टेम्पोत हादरत आलेले. एक रात्र त्यांनी पाटावर ताठ बसून काढलेली. दमलेच असणार. त्यानं सहाही डब्यांची पाठ भिंतीला टेकवली. प्रत्येकाच्या डोक्यावर गरम चहाचा कप ठेवला, कारण हात सापडेनात. वाकून एकेकाला विचारलं, "दमलात का?" कोणी काही बोललं नाही. त्यानं बटण दाबलं.

मग मात्र सगळे बोलले. मोठा डबा असा हादरला की त्याच्यावरचा कप थयथय नाचत कडेला आला आणि खाली उतरला. बाकीचे त्याच्यामागून. हौसा आली तेव्हा आवाज भिंतीतून येत होता, भिंत गदगदत होती, चहा जमिनीवर होता आणि गेनू फडकं घेऊन एका डब्याला म्हणत होता, "असू दे, असू दे, भाजलं तर नाही ना?"

हौसा चहात बसली. तिथंच बसून तिनं शेठला फोन लावला आणि गेनूच्या कानाला धरला. कान धरला असं कोणी म्हणेल, तर तेही खरं आहे.

"गेनबा, नीट ऐका," शेठ म्हणाला. "स्पीकर भिंतीला टेकवायचा नाही. पाठीमागं हातभर जागा हवी. तीन डबे पुढं, टीव्हीजवळ. तोंडं ऐकणाऱ्याकडं वळवलेली. उंची ऐकणाऱ्याच्या कानाएवढी. आणि दोन डबे ऐकणाऱ्याच्या पाठीमागं. पाठीमागं म्हणजे पाठीमागंच. समजलं?"

"समजलं."

आता अण्णा बसणार खाटेवर. खाट कुठं? भिंतीला लागून. गेनू खाटेवर बसला, पाठ भिंतीला टेकवली आणि विचार केला, माझ्या पाठीमागं काय आहे? भिंत. भिंतीच्या पाठीमागं? तान्हीकाकूंचं स्वयंपाकघर.

तान्हीकाकू म्हणजे शेजारीण. तोंडानं फटकळ, आणि गावातल्या सगळ्या चोऱ्यांची बातमी चोराच्या आधी जाहीर करणारी. त्या दळण आणायला गेल्या होत्या. गेनूनं झरोक्यातून वायर पलीकडं सोडली. एक डबा काकूंच्या फळीवर हळदीच्या बरणीमागं, दुसरा पिठाच्या पिंपामागं. दोन्ही भिंतीपासून हातभर सोडून, कानाच्या उंचीला. उंचीसाठी त्यानं हौसाला खाटेवर बसवून तिचा कान सुतळीनं मोजून घेतला होता. हौसाला वाटलं, चला, निदान कान तरी बरोबर मोजतोय.

काकू आल्या. भाकरी थापायला बसल्या. पलीकडं गेनूनं सिनेमा लावला. पुढून चित्र, आणि पिठाच्या पिंपामागून एक घोगरा आवाज काकूंच्या मानेजवळ म्हणाला, "कोणी जागचं हलायचं नाही."

काकू हलल्या नाहीत.

तव्यावरची भाकरी करपली. काकू हलल्या नाहीत. हळदीच्या बरणीतून दोन गोळ्या सुटल्या. काकू हलल्या नाहीत. मग एक बाई रडली, घोडे दौडले, रेल्वे आली आणि बरणीवरून निघून गेली. धूर बघून हौसा पळत गेली, तर काकू दोन्ही हात वर करून बसलेल्या, हातात पीठ.

"हौसे, माझी बोरमाळ पिंपात आहे म्हणून सांग त्यांना," काकू ओठ न हलवता म्हणाल्या. "पण मला हलायला सांग."

त्या दिवशी शनिवार होता. दुसऱ्या दिवशी अण्णा येणार. हौसानं शेठला पुन्हा फोन लावला. या वेळी ती काही बोलली नाही, नुसती फोन धरून उभी राहिली. शेठनं ओळखलं.

"गेनबा, खाट भिंतीपासून पुढं ओढा. मागं जागा होईल. तिथं, तुमच्याच घरात, ते दोन डबे ठेवा. शेजाऱ्याच्या नाही, तुमच्या. आणि दार-खिडकी लावून घ्या. बाहेरचा आवाज आत नको. आता घुमण्याचं सांगतो. खोलीत काही घुमायला लागलं, बोललेलं नीट कळेना झालं, की समजायचं, जाडजूड आवाजाचं जे आहे ते चुकीच्या जागी आहे. त्याला हातभर सरकवायचं आणि ऐकायचं. नाही जमलं, अजून हातभर. तोंड फिरवून बघायचं. वर गोधडी टाकून बघायचं. जिथं घुमणं थांबेल, तीच त्याची जागा. मग हलवायचं नाही."

आणि काय सांगू, गेनूनं ते सगळं केलं आणि जमलं. खाट पुढं आली. मागं दोन डबे, पुढं तीन, मोठा डबा हातहात सरकत खिडकीखाली जाऊन शांत झाला. हौसा खाटेवर बसली. पाऊस लागला तो पाठीमागं लागला. घोडे आले ते डावीकडून आले आणि उजवीकडं गेले. हौसानं पहिल्यांदाच नवऱ्याकडं, शहाण्या माणसाकडं बघतात तसं बघितलं.

ते बघणं रविवार दुपारपर्यंत टिकलं.

रविवारी अण्णा आले. दोघांनी धरून त्यांना खाटेवर बसवलं, बरोबर मधोमध. अण्णांनी नवा पटका बांधला होता. हातात तिकीट नाही म्हणून त्यांना जरा चुकल्यासारखं होत होतं. हौसा गेनूला म्हणाली, "मी परसातल्या चुलीवर भजी तळते. आवाजात काही कमी-जास्त झालं, तर शेठनं सांगितलंय तसंच करा. आपलं डोकं लावू नका."

"नाही लावत," गेनू म्हणाला. आणि शप्पथ, त्यानं लावलं नाही.

दार लागलं. नावं पडली. संगीत चारी बाजूंनी उठलं. अण्णांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. सिनेमा त्यांचा जुनाच होता, दारात उभं राहून शब्दन् शब्द ऐकलेला. हिरो पडद्यावर आला तसे ते म्हणाले, "हा होय तो? मी ह्याला आडदांड समजत होतो. हे तर काडी आहे."

अण्णांचा आवाज म्हणजे भर जत्रेत पाळण्याच्या गोंगाटावरून पलीकडं पोचणारा. फळीवरची भांडी किणकिणली. गेनूनं कान टवकारले.

"आता दार करकरणार," अण्णा म्हणाले. दार करकरलं. "आता आई म्हणणार, 'आलास बाळा?'" आई तसंच म्हणाली, पण गेनूला ऐकू आलं नाही.

घुमतंय, गेनूच्या मनात आलं. बोललेलं कळत नाही.

त्यानं मोठ्या डब्याला हात लावून बघितला. डबा शांत. पाचही लहान डबे तपासले. सगळे आपापल्या कामात. मग खलनायक आला आणि अण्णा गरजले, "ह्याला मिशी नाही? आयुष्यभर मी ह्याला मिशी लावून ऐकला." खिडकीची काच झणझणली.

घुमणारं सापडलं. जाडजूड आवाजाचं, चुकीच्या जागी. गेनूनं खाटेचा पाय धरला आणि हातभर ओढला.

"जावईबापू, काय करताय?"

"काही नाही अण्णा. तुम्ही बोलत राहा. थांबलात तर कळत नाही."

अण्णांना बरं वाटलं. सारा जन्म दुसऱ्यांना जागा दाखवण्यात गेला, आज कोणीतरी आपली जागा नीट करतंय. ते जास्तच बोलायला लागले. गेनू अजून हातभर ओढत गेला. खाट कोपऱ्यात पोचली. टीव्ही आता अण्णांना कडेनं दिसत होता, उभ्या ठेवलेल्या पाटीसारखा.

"जावईबापू, चित्र बारीक झालं."

घुमणं चालूच. गेनूनं खाट फिरवली आणि अण्णांचं तोंड भिंतीकडं केलं.

"जावईबापू, चित्र गेलं."

अजून घुमतंय. गेनूनं अण्णांच्या डोक्यावरून गोधडी टाकली. गोधडीतून अण्णा काही म्हणाले. ते बरंच मोठं होतं आणि सिनेमातलं नव्हतं. आवाज कमी झाला, पण पुरता गेला नाही. मग उरलं एकच, अजून हातभर. कोपऱ्याच्या पुढं दार होतं. दाराच्या पुढं उंबरा. उंबऱ्याच्या पुढं अंगण. गेनूनं दार उघडलं, गदागदा हलवून खाट उंबऱ्यावरून काढली, अंगणात ठेवली, आत आला, शेठनं सांगितलं होतं तसं दार लावलं आणि कडी घातली.

आणि आवाज जुळला.

असा जुळला की पडद्यावरच्या आईचा उसासासुद्धा गेनूला वेगळा कळला. तो खोलीच्या मधोमध एकटा उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले. अण्णांना किती बरं वाटेल, असं त्याच्या मनात आलं.

परसात हौसा भजी तळत होती. तेल तडतडत होतं. तेवढ्यात कुठून तरी दबका, भरदार आवाज आला, "अहो, कोणी दार उघडा. मला आत घ्या." तिनं झारा थांबवला. काय खरा आवाज आहे, ती मनाशी म्हणाली, अगदी आपल्या अण्णांसारखा. आणि पुढचा घाणा टाकला.

खेळ संपला. पडद्यावर 'समाप्त' आलं. भज्यांची परात घेऊन हौसा परसदारानं आत आली. डबे जागेवर. टीव्ही जागेवर. गेनू डोळे पुसतोय. खाट नाही.

"अहो, अण्णा कुठायत?"

"जुळले," गेनू म्हणाला आणि मोठ्या अभिमानानं दाराची कडी काढली.

अंगणात खाट होती. खाटेवर अण्णा, डोक्यावरून गोधडी, पटका एका कानावर आलेला. गुडघ्यांमुळं उठता येईना. जमेल तसं वळून त्यांनी तोंड दाराकडं केलं होतं आणि कान पुढं काढला होता.

"अण्णा, आता एवढंसंही घुमत नाही," गेनू म्हणाला. "कसा वाटला आवाज?"

अण्णांनी गोधडी खाली ओढली.

"आवाज अगदी तंबूसारखा होता, जावईबापू. खेळ आत आणि मी बाहेर. फक्त तेव्हा बाहेर बसायचा मला पगार मिळायचा."